रक्तचंदनी कपाटाची दारं

सुचौ, १९ ऑक्टोबर

सूयिन,

आशीर्वाद लिहीत नाही. लिहिले तर तिथेच पत्र मिटून ठेवशील, आणि पुढचं तू वाचायला हवंस.

फोनच केला असता, पण तू माझा नंबर अडवून ठेवला आहेस असं तुझी मावशी म्हणाली. ठीक आहे. तसाही मी फोनवर नको ते बोलून बसतो. कागदावर निदान खोडता येतं. कुरियरवाला म्हणतो की दोन दिवसांत बीजिंगला पोचेल, फार तर तीन.

काल मावशी एक गुळगुळीत मासिक नाचवत आली. "बघा भाऊजी, तुमच्या लेकीचं नाव छापून आलंय. सगळ्या गल्लीला दाखवून आले, तुम्हीच राहिला होतात." मी म्हटलं, मी शेवटचाच असणार. चष्मा शोधण्यात पाच मिनिटं गेली, तेवढ्यात तिनेच सगळं वाचून दाखवलं. बीजिंगच्या नीबाईंचा जुन्या फर्निचरचा संग्रह वीस नोव्हेंबरला लोकांसाठी खुला होणार. त्यातला मुख्य मान रक्तचंदनाच्या मांडणीच्या कपाटाला, वर लहानमोठे तेरा खण आणि खाली दोन दारं. अडीचशे वर्षांपूर्वीचं सुचौचं काम, आणि ते अस्सल असल्याचा निर्वाळा परीक्षक यू सूयिन हिचा.

फोटो पाहिला. कपाट सुंदर आहे.

तुझ्या अहवालातला एक उताराही छापला आहे. "खणांच्या फळ्यांच्या कडेला दिलेली गोलाई आजच्या हाताला जमणारी नाही," असं तू लिहिलंस. ते वाक्य मी दोनतीनदा वाचलं. मावशी म्हणाली, "डोळे का पुसताय?" मी म्हटलं, कागदाची चमक लागते डोळ्यांना.

आता कामाचं. दर वर्षी पंधरा नोव्हेंबरला तुमच्याकडे भिंतींतल्या नळांत गरम पाणी सोडतात. घरं तापतात, हवा कोरडी ठणठणीत होते. हे कपाट आयुष्यभर दक्षिणेच्या ओल्या हवेत राहिलेलं आहे. त्याला ते सोसणार नाही. ज्या दालनात ते ठेवलंय तिथले नळ बंद करायला सांग. जमत नसेल तर या हिवाळ्यापुरतं ते बिनतापत्या खोलीत हलव. प्रदर्शन वसंतात करा म्हणावं. नीबाई एवढ्या श्रीमंत आहेत, त्यांना कसली घाई?

एवढंच सांगायचं होतं. बाकी मी बरा आहे. गुडघा दुखतो.

बाबा

सुचौ, २६ ऑक्टोबर

सूयिन,

तुझा निरोप मावशीने जसाच्या तसा सांगितला. अगदी तुझ्या आवाजात सांगितला, ती नक्कल छान करते. "बाबांना सांग, लाकूड कसं सांभाळायचं ते मला कळतं. दहा तारखेला हवेत ओलावा ठेवणारी यंत्रं बसणार आहेत. त्यांनी गुडघ्याची काळजी घ्यावी."

तुला कळतं, मी कुठे नाही म्हणतो? पण यंत्रं दहाला येणार म्हणजे पंधराला येणार, हे मला इथे बसून कळतं. विक्रेत्यांच्या तारखांवर मी कधी विश्वास ठेवला नाही. आणि यंत्र एखाद्या दिवशी बंद पडलं तर? एक दिवस पुरतो, सूयिन. एक आठवडा तर नक्कीच पुरतो.

कशाला पुरतो, असं विचारशील. फळी आकसायला. रक्तचंदन फारसं हलत नाही हे मलाही माहीत आहे, पण सगळंच रक्तचंदन सारखं नसतं.

परवा फांग आला होता. जुना माल विकणारा फांग, तुला लहानपणी तिळाच्या वड्या द्यायचा तो. आता ऐंशीला टेकला, काठी घेऊन चालतो, पण केस अजून काळे करतो. खेकड्यांची टोपली घेऊन आला. या दिवसांत माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात, त्याला माहीत आहे मला त्या आवडतात. बसला, एक खेकडा निवांत फोडून खाल्ला, मग म्हणाला, "पेइलिन, मासिक पाहिलंस?"

"पाहिलं."

"पोरीने नाव काढलं."

"हो."

"मग आता तोंड बंद ठेव. तू काही बोललास तर तुझं काय व्हायचं ते होईल. तुझं वय झालंय, तुला कोण काय करतो? पण तिची सही आहे खाली. तू तोंड उघडलंस की ती बुडाली."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर काय? रक्तचंदन हलत नाही. तूच मला सांगितलं होतंस."

मी सांगितलं होतं खरं. त्याला लाकडातलं एवढंच कळतं जेवढं मी सांगितलं.

हे सगळं तुला का लिहितोय ते मलाही धड समजत नाही. म्हातारी माणसं एकमेकांकडे येतात, काहीबाही बोलतात, त्याचा फार अर्थ काढू नकोस. खेकडे मी मावशीला देऊन टाकले.

नळांचं बघ. हात जोडून सांगतो. मी कुणाला हात जोडत नाही हे तुला ठाऊक आहे.

बाबा

सुचौ, ३१ ऑक्टोबर

सूयिन,

एक गोष्ट कानावर आली ती कळवतो. आमच्या धंद्यातल्या एका माणसाने मला सांगितलं की नीबाईंच्या कपाटाची खालची दोन्ही दारं मूळची नाहीत. कधीतरी दुरुस्तीला आलं असताना कुणीतरी बदलली. माणूस भरवशाचा आहे.

जुन्या कपाटाची दारं बदललेली असणं यात काही पाप नाही. तू तुझ्या अहवालात एक ओळ घाल, "दारं नंतरची असण्याची शक्यता आहे." कुणी विचारलं तर पुन्हा तपासताना लक्षात आलं म्हणावं. परीक्षकाने स्वतःहून दुरुस्ती केली तर उलट त्याचा मानच वाढतो.

पंधरा दिवस आहेत अजून. एका ओळीचं काम आहे.

सकाळी नेहमीच्या दुकानात गेलो होतो, दिवसाच्या पहिल्या, ताज्या पाण्यात शिजवलेले नूडल्स खायला. समोर वाडगा आला आणि मी नुसता बघत बसलो. मालकीण म्हणाली, "काका, आज रस्सा बिघडला का?" तीस वर्षांत मी तिथे एक शेवई उरवलेली नाही.

बाबा

(हे पाकिटात घालताना मावशी आली. तिचा तुझ्याशी फोन झाला होता. मी तिला दारांचं आधीच तुझ्या कानावर घालायला सांगितलं होतं, धीर निघाला नाही. तू म्हणे एवढंच विचारलंस, "कुणी बदलली? नाव सांगा." मावशी माझ्याकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, त्या माणसाला विचारून सांगतो.)

सुचौ, ४ नोव्हेंबर

सूयिन,

बातम्यांत दाखवलं. बीजिंगला कालपासून बर्फ पडतोय, झाडांची पानं गळायच्या आधीच बर्फ, फांद्या मोडून रस्त्यावर पडल्यात. आणि खाली पट्टी फिरत होती की थंडीमुळे या वर्षी नळ बारा दिवस आधीच सुरू केले. निवेदिका हसून सांगत होती.

आता लपवण्यात काही राहिलं नाही. बस, आणि वाच.

ते कपाट मी बनवलं. दारं नव्हेत, कपाट. सगळं.

चोवीस वर्षं झाली. तू सोळाची होतीस. मी तेव्हा सरकारी फर्निचर कारखान्यात होतो. दिवसभर प्लायवूडवर चकचकीत कागद चिकटवायचा आणि त्याला टेबल म्हणायचं. आजोबांनी शिकवलेलं सगळं हातात तसंच पडून होतं. एके दिवशी फांग मला कालव्यापलीकडच्या त्याच्या गोदामात घेऊन गेला. तिथे मोडक्या रक्तचंदनी टेबलांचे पाय, पलंगाच्या पट्ट्या, तुटक्या चौकटी, असं ढीगभर सामान होतं. खरं जुनं, दोनअडीचशे वर्षांचं. तो म्हणाला, "यातून एक मांडणीचं कपाट उभं राहील का रे? की आता असं काम करणारं कुणी उरलंच नाही?"

पैसे मिळाले, नाही कसं म्हणू. पण पैशांसाठी केलं असं म्हटलं तर तेही खोटंच होईल. मला बघायचं होतं की मला जमतं का. चौदा महिने रोज कारखाना सुटला की मी त्या गोदामात जायचो. तुझ्या आईला वाटायचं मी पत्ते खेळतो. तिने भांडणही केलं नाही, एवढा कमी बोलायचो मी घरी. तेरा खण, एकही खिळा नाही, फळीच्या टोकाचा प्रत्येक कुसू आपापल्या खाचेत जाऊन गप्प बसायचा. त्या कडांची गोलाई मी नखाने तपासायचो. फांगला सांगून मोकळं व्हावंसं वाटायचं की हे मी केलं म्हणून लिही, पण मग त्या कपाटाला कोण विचारणार होतं?

चौकट आणि खण जुन्या लाकडातून निघाले. दारांच्या फळ्यांना पुरेल एवढं रुंद लाकूड मात्र ढिगात नव्हतं. फांगने कुठून तरी नवा ओंडका आणला. मी म्हटलं, याला तीन वर्षं सुकू दे. तो म्हणाला, गिऱ्हाईक तीन महिने थांबणार नाही. ऐन पावसाळ्यात, भिंतींना बुरशी येते त्या दिवसांत, मी त्या फळ्या रंधून चौकटीत बसवल्या.

आता चूक सांगतो. तुला ती एका वाक्यात कळेल, पण मला पूर्ण सांगायची आहे. दाराची फळी चौकटीच्या खाचेत सैल बसते, म्हणजे फुगली-आकसली तरी फुटत नाही. तिची कड खाचेत लपलेली असते. खऱ्या जुन्या दारात ती लपलेली कडही काळवंडते, कारण दोनशे हिवाळ्यांत ती केसभर बाहेर येते आणि पुन्हा आत जाते. आपण सुचौची माणसं आधी सगळं जोडतो आणि मग रंग-रोगण घासतो. मीही तेच केलं. आधी दारं जोडली, मग काळी केली. खाचेतली कड कोरीच राहिली. माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण आपला हिवाळा ओला. इथे फळी डोळ्याला दिसेल एवढी कधी बाहेर डोकावतच नाही. एवढी वर्षं ते कपाट हांगचौ आणि शांघायमध्ये फिरलं, कुणाला काही दिसलं नाही.

आता दिसेल. नवीन रक्तचंदन कापल्यावर कसं असतं ते तुला माहीत आहे. नारिंगी-लाल. काळ्या दाराच्या चारी बाजूंनी एक लाल रेघ येईल.

म्हणून मी नळ नळ करत होतो. म्हणून भरवशाचा माणूस काढला. तो माणूस मीच, आणि तो किती भरवशाचा ते तू बघतेच आहेस.

आणखी एक. हे लिहायचं की नाही यावर सकाळपासून अडून बसलोय.

त्या वर्षी नववर्षाच्या दिवशी तू पाहुण्यांसमोर गुडघ्यांवर बसून माझ्यापुढे चहा धरलास. मी प्यालो असतो तर तू माझी शिष्या झाली असतीस. मी पेला हातात घेतला नाही. चहा थंड होईपर्यंत तू तशीच बसून होतीस, शेवटी आईने तुला उठवलं. मी म्हणालो, "मुलींच्या हातात रंधा शोभत नाही." लोक हसले. दुसऱ्या वर्षी मी तुझ्या चुलतभावाच्या हातचा चहा प्यालो, ज्याला अजून सरळ करवत धरता येत नाही. तू घरात राहिलीस ती आईसाठी. ती गेली आणि तू बीजिंगला गेलीस, त्याला चौदा वर्षं झाली.

मुलगी म्हणून नाही म्हटलं नव्हतं. शिष्य झालीस की तुला सगळं दाखवावं लागलं असतं. गोदामही. आणि तू बघितलं असतंस की तुझा बाप काय करतो. तुझी नजर तेव्हाच अशी होती की तिच्यापुढे काही लपत नसे. तेवढ्यासाठी मी तुला चारचौघांत खाली पाहायला लावलं.

गंमत अशी की तुला माझं कपाट ओळखता आलं नाही ते माझ्यामुळेच. चांगला हात कसा असतो ते तू माझ्या घरच्या सुतारी बाकापाशी केर काढता काढता बघितलंस. मग तोच हात समोर आल्यावर तुला तो खोटा कसा वाटेल?

मासिकातलं तुझं वाक्य मी कापून ठेवलंय. लाज वाटते, पण ठेवलंय.

हे पत्र मिळताच नीबाईंना दाखव. पूर्ण दाखव. माझं नाव घाल. फांगचंही घाल, तो मला ओळखत नाही म्हणेल, म्हणू दे. वीस तारखेच्या आत तू स्वतः सांगितलंस तर तू वाचशील. लोकांनी आधी रेघ बघितली तर वाचणार नाहीस.

बाबा

सुचौ, ९ नोव्हेंबर

सूयिन,

कुरियरवाल्याने त्याच्या मोबाइलवर दाखवलं. पत्र सात तारखेला पोचलं, सही तुझीच आहे. पोचायला एक दिवस जास्त लागला, बर्फाने रस्ते बंद होते.

तू काही बोलत नाहीस. मावशीचाही फोन उचलत नाहीस, हे आजवर कधी झालं नव्हतं. ती माझ्याशी भांडली. "काय लिहिलंत तिला? काय केलंत?" मी तिला सगळं सांगितलं. ती खाली बसली. मग म्हणाली, "ताईला माहीत होतं?" मी म्हटलं नाही. "बरं झालं मेली," म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवून रडायला लागली.

बीजिंगच्या हवामानाची बातमी मी दिवसातून चार वेळा लावतो. तुमच्याकडे बाहेर शून्य आहे. आत किती असेल याचा अंदाज करत बसतो. दाराची फळी दोन हात उंच आणि हातभर रुंद आहे. रुंदीत किती आकसेल, डावीकडे किती, उजवीकडे किती, कागदावर मांडतो आणि कागद फाडतो. मांडून काय होणार आहे?

दार वाजलं की गुडघा विसरून धावतो. काल गॅसवाला आला होता, त्याला मी उभ्या उभ्याच विचारलं, "बीजिंगहून का?"

काही लिहू नकोस. शिव्या दिल्यास तरी चालेल. पण मावशीचा फोन उचल.

बाबा

सुचौ, २२ नोव्हेंबर

सूयिन,

काल पोचलो. तुझ्याबरोबर तीन दिवस होतो आणि आपण फक्त कामाचं बोललो. म्हणून हे पत्र. समोरासमोर मला जमत नाही हे तू पाहिलंसच.

तुझा निरोप आला तेव्हा मावशीने तो नक्कल न करता सांगितला. "कपाट सगळं उघडून सुटं करायचं आहे. दुसऱ्या कुणी उघडलं तर मोडेल. बाबांना यावं लागेल." मी त्याच दिवशी निघालो. स्टेशनवर तपासणीला पिशवी उघडायला लावली. पटाश्या बघून त्या मुलीने साहेबाला बोलावलं. मी म्हटलं, मी सुतार आहे. ती म्हणाली, "आजोबा, सुतार असा नाहीतर न्हावी, गाडीत धारदार काही नेता येत नाही." पटाश्या तिथेच ठेवून आलो. लाकडी मोगरी तेवढी नेऊ दिली.

नीबाईंचं दालन रिकामं होतं, मध्ये कपाट. मी इतक्या वर्षांनी त्याला पाहत होतो, पण आधी दारांकडेच नजर गेली. रेघ होती. सुतासारखी बारीक, चारी बाजूंनी नाही, फक्त उभ्या दोन कडांना. पण लाल. दुरून दिसत होती.

मी विचारलं, "कधी आली?"

तू म्हणालीस, "सहा तारखेला सकाळी. दुपारी मी नीबाईंना सांगितलं. तुमचं पत्र सातला आलं."

एक गोष्ट तेव्हा सांगायची राहिली. आता सांगतो. सुचौपासून बीजिंगपर्यंत गाडीत मी स्वतःची समजूत घालत आलो होतो की निदान माझ्या पत्राने तुला वाचवलं. नाही वाचवलं. तू आधीच स्वतःच्या तोंडाने जाऊन सांगितलं होतंस, कुणी केलं हे माहीतही नसताना. तो एक दिवस मी कुठे गमावला ते मला नीट माहीत आहे. एकोणीस ऑक्टोबरपासून रोज एकेक गमावत होतो.

नीबाई मला वाटल्या होत्या तशा नाहीत. मला वाटलं पोलिसांना घेऊन बसल्या असतील. त्या शेंगदाणे खात बसल्या होत्या. "या म्हातारबा," म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी चपला बनवते. माझ्या चपलेवर दुसऱ्याचं नाव छापून विकणाऱ्याला मी कोर्टात खेचलंय. तुम्ही उलट केलंत. स्वतःच्या हातचं काम मेलेल्या माणसाच्या नावावर खपवलंत. असल्या माणसाला काय म्हणतात हो?"

मी म्हटलं, "गाढव."

"ते तर झालंच. हात चांगला आहे तुमचा. नियत कुठे ठेवली होती?"

मी मोगरी काढली.

एवढं लिहायचंच आहे, तू तिथे होतीस तरी. मी पहिली पाचर सैल केली आणि "डावीकडून" म्हणायला तोंड उघडलं, तर तुझा हात कपाटाच्या डाव्या पायावर होता. मग वरच्या पट्टीला मी फक्त मान हलवली आणि तू ती अर्धं बोट उचलून थांबलीस, जिथे थांबायचं तिथेच. तेरा खण आपण दोघांनी सोडवले. एकदाही मला सांगावं लागलं नाही. तुझ्या चुलतभावाबरोबर मला घसा बसेपर्यंत ओरडावं लागतं. दारं शेवटी निघाली. फळीची कड हातात घेतलीस तेव्हा ती नव्या भाजलेल्या विटेसारखी लाल होती, आणि तू तिच्यावरून अंगठा फिरवलास. मी खिडकीकडे बघत होतो.

नीबाई सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "पोरी, तुम्ही परीक्षक लोक नुसतं भिंग लावून बघता. हे उघडणं-बिघडणं कुठे शिकलीस?"

तू मान वर न करता म्हणालीस, "यांच्याकडे."

दुपारी नीबाईंनी डंपलिंग मागवले. सगळ्यांच्या वाटीत व्हिनेगर होतं, माझ्या नव्हतं. मला ते सोसत नाही हे त्या हॉटेलवाल्याला कोण सांगणार? मी तुझ्याकडे पाहिलं, तू मोबाइलमध्ये पाहत होतीस.

नीबाईंनी प्रदर्शन पुढे ढकललं, कपाट सुटं करून गोदामात ठेवलं. तुझ्याबद्दल त्या म्हणाल्या की नवा अहवाल लिही, चूक कशी झाली ते सगळ्यांना कळेल असं लिही, तो छापून येऊ दे, मग तुला ठेवायचं का ते ठरवू. मला ते रास्त वाटलं. सुचौमध्ये माझं नाव छापून आलं की आपल्या सुतारकामाच्या दुकानाकडे कुणी फिरकणार नाही, हे तू मला जिन्यात म्हणालीस. "बघा, अजून नाव काढता येईल," म्हणालीस. मी नको म्हटलं. ते तुझ्या चुलतभावाला सांगून झालंय. तो रडला, मग म्हणाला की त्याला तसंही मोबाइलचं दुकान काढायचं होतं.

शेवटच्या दिवशी त्या नव्या अहवालाचा खर्डा तू मला तिथेच बसून वाचायला दिलास आणि परत घेतलास. "काही चुकलंय का?" विचारलंस. मी मान हलवली, नाही म्हणून. तेही खोटंच होतं.

दोन चुका आहेत. खालच्या डाव्या खणाची फळी तू अकरा मिलिमीटर लिहिलीस, ती बारा आहे. मी स्वतः रंधली आहे, पुन्हा मोज.

दुसरी शेवटच्या पानावर आहे. तू लिहिलंस, "परीक्षकाला ही नक्कल ओळखता आली नाही, कारण परीक्षक याच कारागिराची शिष्या आहे. चांगलं काम कसं असतं हे तिला त्याने शिकवलं."

हे खरं नाही, सूयिन. मी तुला शिकवलं नाही. मी पाठ करून काम करत होतो आणि तू माझ्या पाठीमागून शिकलीस. माझ्या बाजूने एकही खोटी ओळ आता तुझ्या नावाखाली राहायला नको. ते वाक्य दुरुस्त कर.

फक्त दुरुस्त करायच्या आधी त्या पानाची एक प्रत मला पाठव.

बाबा